डेस्कटॉपला चांगलं वायफाय कार्ड कुठलं घ्यायचं? गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथीच्या आठवड्यात हे प्रश्न दुप्पट येतात. पुण्या-बंगळुरूहून मुलं घरी येतात, दोन दिवस घरून काम करू म्हणून आतल्या खोलीतल्या डेस्कटॉपवर बसतात आणि मग कळतं की व्हिडिओ कॉल फक्त गणपतीवरच्या माटोळीखाली उभं राहूनच नीट चालतो. तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून इथे एकदाच सगळं लिहून ठेवलंय.

1. मुळात कार्ड हवंच का? केबल ओढली तर चालणार नाही?

चालेल, आणि जमत असेल तर केबलच ओढा, मी कार्डवाला असूनही हेच सांगतो. कॅट 6 केबल 100 मीटरपर्यंत आरामात जाते, एवढं मोठं घर आपल्यात फार थोड्यांचं. पण भाड्याचं घर असेल, मालक भोक पाडू देत नसेल, किंवा दीड फूट चिऱ्याची भिंत असेल आणि ड्रिलवाला बघूनच मान हलवत असेल, तर पुढे वाचा.

2. माझ्या पीसीत वायफाय आधीपासूनच असेल तर? कसं ओळखायचं?

पाठीमागे बघा, जिथे यूएसबी पोर्ट असतात तिथे दोन छोटे सोनेरी आटे असलेले नट दिसतात का. दिसले तर बोर्डातच वायफाय आहे. आणि हसू नका, पण माझ्याकडे "कार्ड सुचवा" म्हणून येणाऱ्यांत असे कितीतरी निघतात ज्यांच्या अँटेना मदरबोर्डच्या खोक्यात आणि खोका माळ्यावर असतो. अँटेना न लावता पण वायफाय जेमतेम पकडतं, त्यामुळे माणसाला वाटतं कार्डच भिकार आहे. आधी माळ्यावर चढा.

3. कार्ड हळू आहे की नेटच हळू आहे, हे कसं कळणार?

फोन घ्या, पीसीच्या अगदी बाजूला ठेवा, पीसी ज्या वायफायवर आहे त्याच नावावर जोडा आणि दोन्हीवर स्पीड टेस्ट मारा. फोनवर 150 एमबीपीएस आणि पीसीवर 30 येत असेल तर कार्ड किंवा अँटेना दोषी. दोन्हीवर 30 येत असेल तर कार्ड बदलून काही होणार नाही, राऊटर हलवा किंवा मेश, म्हणजे घरभर ठेवायचे जोड राऊटर, घ्या.

मग विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, वायफाय, प्रॉपर्टीज असं जा. तिथे लिंक स्पीड, प्रोटोकॉल आणि बँड तीनही लिहिलेले असतात. बँड म्हणजे लहरींचा पट्टा, तो 2.4 गिगाहर्ट्झ दिसत असेल आणि राऊटरला 5 असेल तर आधी ते बदला, बरेच वेळा आजार तिथेच संपतो. अजून एक म्हणजे टेस्ट कायम 95 च्या आसपास अडकत असेल तर राऊटरचा किंवा फायबरच्या डब्याचा पोर्ट 100 चाच आहे का बघा, स्वस्त राऊटरांना अजून असतात. त्यात कार्डाचा काही गुन्हा नाही.

4. यूएसबी डोंगल, पीसीआयई कार्ड आणि एम डॉट टू, यात घ्यायचं काय?

पीसीआयई कार्ड म्हणजे केस उघडून छोट्या स्लॉटात बसवायचं ते. आत बघाल तर पत्र्याच्या टोपीखाली बहुतेक वेळा लॅपटॉपचंच 22 बाय 30 मिलिमीटरचं कार्ड असतं, फक्त पट्टीवर चढवलेलं. डेस्कटॉपला माझी पहिली पसंती हीच.

एम डॉट टू म्हणजे तेच छोटं कार्ड नुसतं. ते बोर्डावरच्या की-ई स्लॉटात जातं. एसएसडीचा स्लॉट की-एम असतो, दिसायला भाऊच, पण त्यात हे जात नाही. स्लॉट असला तरी अँटेनाच्या वायरी आणि मागची पट्टी वेगळी घ्यावी लागते, आणि त्या वायरींची टोकं इतकी बारीक असतात की बसवताना माझ्या तोंडून निघालेल्या शिव्या शेजारी ऐकायला गेल्यात. टोक सरळ वरून दाबायचं, तिरकं रेटायचं नाही. तिरकं गेलं की कार्डावरची कडी चपटी होते.

डोंगल म्हणजे बाहेरून यूएसबी पोर्टात खोचायचं ते, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

घ्यायच्या आधी केस उघडून एकदा बघाच. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते छोट्या स्लॉटावर आडवं पसरलेलं असतं आणि मग नवं कार्ड हातात धरून बसायची वेळ येते.

5. डोंगल वाईटच असतं का?

नाही. नखाएवढं डोंगल वाईट असतं. त्यात अँटेना ती केवढी असणार, आणि ते घुसतं पीसीच्या मागे, लोखंडी डब्याच्या सावलीत. त्यात यूएसबी 3 पोर्टाचा विद्युत गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो, यावर इंटेलनेच 2012 मध्ये सविस्तर कागद काढला होता. म्हणजे बाजूच्या पोर्टात हार्ड डिस्क लावून कॉपी सुरू केली की वायफाय रडतं, माउससुद्धा अडखळतो.

उपाय साधा: मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या, डोंगल टेबलावर आणा, शक्यतो 5 गिगाहर्ट्झवर चालवा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना, केस उघडायची भीती असणाऱ्यांना आणि ऑल-इन-वन पीसीवाल्यांना मी मोठ्या अँटेनाचं डोंगलच सांगतो.

6. खोक्यावर एसी600, एसी1300, एएक्स3000 असं लिहितात, तेवढा स्पीड मिळतो?

नाही मिळत. ती बेरीज असते, दोन्ही बँडची. एसी600 म्हणजे 150 आणि 433, एसी1300 म्हणजे 400 आणि 867, एएक्स3000 म्हणजे 574 आणि 2402. पीसी एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे मोठा आकडा तेवढा बघायचा, आणि त्यातलेही अर्ध्याच्या थोडे वर हातात पडले तर देवाला नारळ ठेवा.

2402 हा आकडा तर 160 मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवरच येतो आणि ती रुंदी राऊटरलाही यावी लागते. राऊटर 80 वालाच असेल तर त्याच कार्डाला 1201 मिळतात. 100-200 च्या प्लॅनला तेही मुबलक झाले.

7. वायफाय 5, 6, 7, कुठलं घेऊ?

वायफाय 6. राऊटर वायफाय 5 चा असला तरी कार्ड 6 चं घ्या, किमतीत आता फारसा फरक राहिलेला नाही आणि कार्ड राऊटरपेक्षा जास्त वर्षं टिकतं. पर्वरी, ताळगावच्या फ्लॅटात जिथे शेजारचे पंधरा राऊटर दिसतात, किंवा कळंगुट-कांदोळीला जिथे प्रत्येक होमस्टेचा वेगळा राऊटर, तिथे राऊटर आणि कार्ड दोन्ही 6 चे असले तर गर्दीत फरक जाणवतो. उलट सत्तरीत, काणकोणात एकट्या घरात 2.4 सुद्धा मस्त पळतं कारण त्या पट्ट्यात दुसरं कोणीच नसतं.

वायफाय 7 ला विंडोज 11 ची 24एच2 किंवा त्यापुढची आवृत्ती लागते आणि राऊटरही 7 चा लागतो. दोन्ही असेल तर घ्या, नाहीतर पैसे मासळीबाजारात जास्त उपयोगी पडतील.

8. मग 6ई वाल्या कार्डाला जादा पैसे द्यायचे का?

6ई म्हणजे 6 गिगाहर्ट्झचा तिसरा पट्टा. 5 गिगाहर्ट्झचा बराच मोठा भाग आपल्याकडे 2018 मध्ये विनापरवाना मोकळा झाला. 6 गिगाहर्ट्झचं गाडं बरंच मागून आलं, 2025 मध्ये केंद्राने 5925 ते 6425 मेगाहर्ट्झ एवढ्या खालच्या भागासाठी मसुदा नियम काढले, तेही कमी शक्तीवर घरात आणि अगदी कमी शक्तीवर बाहेर वापरण्यासाठी. त्यामुळे परदेशी व्हिडिओत दाखवतात तो पूर्ण पट्टा आपल्या हिशेबात धरू नका. शिवाय 6 गिगाहर्ट्झ भिंतीपुढे 5 पेक्षाही लवकर हात टेकतं, आणि विंडोजमध्ये त्याला 11 लागतं.

तरीपण इंटेल एएक्स210 सारखं कार्ड 6ई असून साध्या 6 वाल्याच्या आसपासच मिळत असेल तर बिनधास्त घ्या. फक्त 6ई या अक्षरांसाठी हजार रुपये जादा टाकू नका.

9. आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे, कुठलं कार्ड भिंत फोडून जाईल?

कुठलंच नाही. आतल्या-बाहेरच्या दोन-तीन चिऱ्याच्या भिंती आडव्या आल्या की 5 गिगाहर्ट्झ जवळजवळ संपतं. 2.4 जरा जास्त आत शिरतं, म्हणून अशा घरात कार्ड दोन्ही बँडचं असणं गरजेचं. पण खरं काम दरवाजे करतात. लहरी दारातून, खिडकीतून, कौलांखालच्या मोकळ्या जागेतून जातात. राऊटर बलकांवात (दारापुढच्या ओट्यावर) किंवा पुढच्या वसरीत टीव्हीच्या मागे कोंबलेला असतो, तो मधल्या दाराच्या रेषेत उंचावर आणा, मग कार्डाचा विचार करा. मध्ये लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी असेल तर तेही धरा.

10. अँटेना कशा लावायच्या? उभ्या की आडव्या?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

माझं घर फोंड्याकडे, पीसी मधल्या खोलीत, टेबलाखाली, पाठ भिंतीला. चांगलं पीसीआयई कार्ड आणलं, दोन काड्या मागे फिरवून बसवल्या आणि स्पीड आला 38. वैतागून परत करायला निघालो होतो. मग लक्षात आलं, काड्यांच्या एका बाजूला लोखंडी केस, दुसऱ्या बाजूला बोटभर अंतरावर चिऱ्याची भिंत, वर टेबल. त्यांना दिसणार तरी काय. मग वायर असलेला अँटेनाचा स्टँड घेतला, खाली लोहचुंबक असतं त्याला, आणि मॉनिटरच्या वर भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला, जिथे आधी आजीचा रेडिओ असायचा. तेच कार्ड, तोच राऊटर, तोच दिवस, 170 च्या वर.

म्हणून कार्ड घेताना खोक्यावरचा आकडा सोडा, अँटेना वायरवाली आहे का ते बघा. नसेल तर स्टँड वेगळा मिळतो, आरपी-एसएमए आटे म्हणून मागा. साध्या एसएमए आट्याचा आणू नका, तो फिरवला की बसल्यासारखा वाटतो पण आतली पिन जुळत नाही. वायर मीटरभरापेक्षा फार लांब नको, बारीक वायरीत सिग्नल गळतो. दोन अँटेना असतील तर दोन्ही लावा, एक उभी आणि एक जरा तिरकी. एकच लावली तर अर्धं कार्ड झोपलेलं असतं.

11. पावसाळ्यात वायफाय हळू होतं, हा माझा भ्रम आहे का?

पूर्ण भ्रम नाही. चिरा पाणी पितो, आणि पाणी या लहरी खातं, त्यामुळे जुलैत चिंब भिजलेली बाहेरची भिंत मे महिन्यापेक्षा जास्त अडवते. राऊटर एका इमारतीत आणि पीसी अंगणापलीकडच्या खोलीत असेल तर फरक दिसेल. आतल्या कोरड्या भिंतींना नाही दिसणार.

दुसरं म्हणजे दमट खारी हवा. समुद्राजवळच्या घरात कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळपटतात आणि कार्ड मध्येच गायब होतं. पीसी बंद करा, प्लग काढा, कार्ड उपसा, पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हळू पुसा, चुरा झटका, परत बसवा. पाच रुपयांचा इलाज आहे आणि बऱ्याचदा लागू पडतो.

12. वीज कडाडली आणि पीसीचा लॅन पोर्ट गेला. आता वायफाय कार्ड घेऊ का?

हा प्रश्न जूनमध्ये आणि ऑक्टोबरात हमखास येतो. केबलवाल्याची तांब्याची तार खांबावरून, छपरावरून येत असेल तर तिच्यातून झटका आत शिरतो आणि लॅन पोर्ट पहिला मरतो. बोर्ड बाकी ठीक चालत असेल तर दोन रस्ते आहेत: साधं गिगाबिट लॅन कार्ड, ते वायफाय कार्डापेक्षा स्वस्त पडतं, किंवा वायफाय कार्ड. वायफायचा एक फायदा खरा आहे, राऊटर जळला तरी तो झटका तारेतून पीसीपर्यंत येत नाही. पण विजेच्या प्लगातून येणारा येतोच, त्यामुळे गडगडायला लागलं की प्लग उपटा ही आईची शिकवण अजून चालू ठेवा.

13. नवं कार्ड बसवलं, पण पीसीला दिसतच नाही!

कार्डाचं नाव बघा. एएक्स201, एएक्स211 असेल तर ते इंटेलच्या ठराविक चिपसेटलाच चालतं, कारण त्याचा अर्धा मेंदू त्या चिपसेटमध्ये असतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर ते कधीच दिसणार नाही. म्हापशाच्या एका मित्राला दुकानदाराने "नंबर मोठा म्हणजे कार्ड चांगलं" म्हणून 210 ऐवजी 211 दिलं, दोन रविवार त्यात गेले. एएमडीवाल्यांनी एएक्स200, एएक्स210 किंवा मीडियाटेकची एमटी7921, एमटी7922 बघावीत. इंटेलचं वायफाय 7 वालं बीई200 पण बहुतेक एएमडी बोर्डांवर रुसतं.

नाव बरोबर असेल तर स्लॉट बदलून बघा, आणि बोर्डाचं मॅन्युअल बघा, काही बोर्डांवर दुसरी एसएसडी लावली की एक छोटा स्लॉट आपोआप बंद होतो. त्यानंतरही नाही तर खोडरबर, प्रश्न 11.

14. वायफाय चालतं पण ब्लूटूथ नाही.

पीसीआयई कार्डासोबत एक बारीक वायर आली होती, ती खोक्यात राहिली असणार. ब्लूटूथ यूएसबीवरून चालतं, म्हणून ती वायर कार्डातून बोर्डावरच्या 9 पिनच्या यूएसबी 2 हेडरला जोडावी लागते. मोठा निळा 19 पिनचा यूएसबी 3 चा असतो, तो नव्हे.

15. लिनक्सवर कुठलं घेऊ?

इंटेल एएक्स200 किंवा एएक्स210, बसवलं की चालतं, 210 ला कर्नल (लिनक्सचा गाभा) 5.10 किंवा पुढचा हवा. मीडियाटेकची 7921, 7922 पण ठीक. रिअलटेकची डोंगलं जपून, आरटीएल8811एयू, 8812एयू असल्यांचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं बाहेरून घ्यावा लागायचा आणि कर्नल अपडेट झाला की नेट गायब, मग नेट आणायला नेट लागायचं. अगदी अलीकडच्या कर्नलात ती सोय आत आलीय. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या गुपचूप चिप बदलतात, तेव्हा खोक्यावरचा व्हर्जन नंबरसुद्धा वाचा.

डोंगल लावल्यावर सीडी ड्राइव्हसारखं दिसत असेल तर ते बिघडलेलं नाही, आतला विंडोज ड्रायव्हर दाखवतंय. इजेक्ट करा, बहुतेक वेळा वायफाय म्हणून जागं होतं.

16. पीसी फार जुना आहे, विंडोज 7 आहे, चालेल का?

एएक्स200, 210 ला विंडोज 7 चा अधिकृत ड्रायव्हर नाही. एसी वालं, म्हणजे वायफाय 5 चं, डोंगल घ्या आणि खोक्यावर विंडोज 7 लिहिलंय याची खात्री करा. यूएसबी 2 वर कागदोपत्री 480, प्रत्यक्षात त्याच्या निम्मे धरा. आणि गोवा सरकारने विद्यार्थ्यांना दिलेला सायबरएज योजनेतला पीसी अजून कुणी सांभाळून असेल तर त्याला बहुधा पीसीआयई स्लॉटच नसणार, त्याला नमस्कार करा आणि फुलं वाहा.

17. कार्ड नवं, सिग्नल फुल, पण लिंक स्पीड 54 च्या वर जात नाही. का?

राऊटरच्या सिक्युरिटीत जाऊन बघा, डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी निवडलेलं असणार. त्या जुन्या पद्धतींवर नवे वेग वापरायला परवानगीच नाही, मग कार्ड 54 वर येऊन बसतं. डब्ल्यूपीए2 एईएस किंवा डब्ल्यूपीए3 करा. पूर्वी केबलवाल्याने सेट करून दिलेल्या राऊटरांत हे अजून सापडतं, गेल्या वर्षी डिचोलीत एका घरी दहा मिनिटांत 54 चे 600 झाले आणि वर चहा-भजी मिळाली.

18. मध्येच तुटतं, मिनिटभराने आपोआप येतं. कार्ड परत करू?

थांबा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी बंद करायची परवानगी असते, ती खूण काढा. मग कार्ड किंवा बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घाला.

तरीही होत असेल तर राऊटरचं चॅनेल बघा. 5 गिगाहर्ट्झमधली 52 ते 144 ही चॅनेलं रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. राऊटरला रडारसारखं काही ऐकू आलं की त्याला ते चॅनेल सोडावंच लागतं, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर गेला तर आधी साधारण मिनिटभर कान देऊन बसावं लागतं. विमानतळ, नौदल, बंदर यांच्या आसपास राहणाऱ्यांनी, म्हणजे वास्को-दाबोळीकरांनी, ही शक्यता डोक्यात ठेवावी. चॅनेल 36 ते 48 किंवा 149 च्या पुढचं पक्कं करा, तुटणं थांबलं तर कार्ड निर्दोष. पण मग 160 ची रुंदी सोडावी लागते, 5 गिगाहर्ट्झमध्ये ती या रडारवाल्या चॅनेलांशिवाय जमत नाही. म्हणजे प्रश्न 6 मधला 2402 परत हवेत.

19. काका दुबईहून येतायत, तिथून कार्ड आणू का? पीसीचा हॉटस्पॉट करायचाय.

आणा, पण वॉरंटी तिकडेच राहते. इंटेलची कार्डं आजूबाजूच्या राऊटरांवरून आपण कुठल्या देशात आहोत ते ओळखतात आणि तिथले नियम लावतात, त्यामुळे दुबईचं कार्ड इथे दुबईसारखं वागणार नाही. याच कारणाने इंटेल कार्डावरून 5 गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट काढताना, विशेषतः लिनक्सवर, डोकं दुखतं. हॉटस्पॉट हेच मुख्य काम असेल तर मीडियाटेक घ्या.

20. ठीक आहे, पण दुकानात जाऊन नेमकं मागू काय?

स्लॉट मोकळा असेल तर "एएक्स210 चिपचं पीसीआयई कार्ड, वायरवाल्या अँटेनाचं". पणजीत अठरा जून रस्त्याच्या आसपास किंवा मडगावात विचारा, नसेल तर दोन-तीन दिवसांत मागवून देतात, साधारण अडीच-तीन हजारांच्या घरात. दुकानदार चिपचं नाव सांगू शकत नसेल तर खोका उघडून दाखव म्हणा. स्लॉट नसेल तर प्रश्न 5 मधलं मोठं डोंगल.

21. जुनं डोंगल टाकून देऊ का?

अजिबात नको, ड्रॉवरमध्ये ठेवा. विंडोज 11 नव्याने टाकताना ते सुरुवातीलाच नेट मागतं, आणि नव्या कार्डाचा ड्रायव्हर त्याच्याकडे बहुतेक वेळा नसतो. जुनं डोंगल मात्र ते लगेच ओळखतं. डोंगल नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेथरिंग चालू करा, तेवढ्यापुरतं भागतं.